४३ मधून १८ गेले, उरले किती? नव्या प्राथमिक गणितात शिक्षकांना साहित्याची साथ कशी मिळते

दुसरी-तिसरीच्या वर्गात फळ्यावर ४३ वजा १८ असं उदाहरण लिहिलं, की काही मुलांच्या वहीत ३५ हे उत्तर हमखास सापडतं. ही मुलं अंदाजाने काहीतरी लिहीत नाहीत. ३ मधून ८ जात नाहीत, म्हणून ती ८ मधून ३ वजा करतात आणि ५ लिहितात. मग ४ मधून १ गेला, उरले ३. दोन्ही छोट्या वजाबाक्या बरोबर, उत्तर मात्र चूक. त्यांच्या लेखी ४३ ही एक संख्या नसते. ते शेजारी-शेजारी उभे असलेले दोन अंक असतात.

प्राथमिक शाळेतल्या गणिताचा नवा अभ्यासक्रम ज्या दुखण्यावर बोट ठेवतो, ते हेच. आधी रीत पाठ करून घ्यायची आणि अर्थ पुढे कधीतरी कळेल असं मानायचं, हा क्रम त्याला उलटा करायचा आहे. त्यासाठी शिक्षकांच्या हाती बरंच काही दिलं जातं: गणित पेटी, मण्यांची माळ, संख्याकार्डं, खेळण्यातल्या नोटा, कृतिपुस्तिका, शिक्षक हस्तपुस्तिका, पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड. यातल्या कशाचा शिक्षकाला काय उपयोग होतो आणि तो कधी होत नाही, याचा हा आढावा.

अभ्यासक्रमात बदललं काय?

जुलै २०२० मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर झालं. पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान यांना त्यात सर्वांत वरचं स्थान दिलं गेलं. त्यानंतर ५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने 'निपुण भारत' अभियान सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि मूलभूत गणित करता यावं, हे त्याचं उद्दिष्ट असून त्यासाठी २०२६-२७ ही मुदत ठरवली गेली. गणितापुरती लक्ष्यं स्पष्ट आहेत. पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात. दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंतच्या संख्या आणि ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी यावी. तिसरीच्या अखेरीस ९९९९ पर्यंतच्या संख्या आणि सोपे गुणाकार यावेत.

ऑक्टोबर २०२२ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचा, म्हणजे पायाभूत स्तराचा, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळणी, कोडी, चित्रकार्डं आणि कृतिपत्रिका असलेला 'जादुई पिटारा' आला. त्याच वर्षी एनसीईआरटीने पहिली-दुसरीसाठी 'आनंदमय गणित' आणि पुढच्या वर्षी तिसरीसाठी 'गणित मेला' ही पुस्तकं काढली. महाराष्ट्रात नव्या अभ्यासक्रमाची सुरुवात २०२५-२६ मध्ये पहिलीपासून झाली. पुढच्या वर्षी दुसरी, तिसरी आणि चौथी असं वेळापत्रक एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयात आखलेलं होतं.

या घाईमागचं कारण आकड्यांत दिसतं. 'असर' या सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या मुलांना घरी जाऊन दोन अंकी, हातच्याची वजाबाकी दिली जाते, म्हणजे ४३ वजा १८ सारखीच. २०१८ मध्ये देशभरातल्या तिसरीच्या २८.२ टक्के मुलांना ती आली. २०२२ मध्ये, करोनाकाळातल्या बंद शाळांनंतर, हे प्रमाण २५.९ टक्क्यांवर घसरलं आणि २०२४ मध्ये ३३.७ टक्क्यांवर चढलं. सुधारणा झाली हे खरं. तरीही तिसरीतल्या तीन मुलांपैकी दोघांना ही वजाबाकी येत नाही.

आराखडा संकल्पना शिकवण्याचा एक क्रम सुचवतो: आधी वस्तूंचा अनुभव, मग त्याबद्दल बोलणं, मग चित्र आणि शेवटी चिन्ह. म्हणजे मूल आधी काड्या हाताळतं, काय केलं ते सांगतं, काड्यांच्या जागी रेघा काढतं आणि मगच ४३ − १८ असं लिहितं. ही कल्पना काही कालची नाही. कृती, चित्र आणि चिन्ह या तीन पायऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात मांडल्या आणि सिंगापूरने १९८० च्या दशकात आपलं प्राथमिक गणित त्यावर उभं केलं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला बालशिक्षणासाठी परिसरातल्याच वस्तू वापरल्या. नवं आहे ते इतकंच, की आता ही पद्धत काही मोजक्या प्रयोगशील शाळांपुरती न राहता सरसकट सगळ्या वर्गांत यावी अशी अपेक्षा आहे.

अडचण नेमकी इथे येते. आज शिकवणाऱ्या बहुतेक शिक्षकांनी स्वतः लहानपणी हातच्याची वजाबाकी रीत म्हणूनच शिकली. शेजाऱ्याकडून एक उसना घ्यायचा, तिथला अंक खोडून एकाने कमी करायचा आणि इकडच्या अंकाआधी १ लिहायचा. हा उसना घेतलेला एक इकडे येताच दहा का होतो, हे फार थोड्यांना कोणी दाखवलं असेल. जे स्वतः कधी पाहिलं नाही ते तीस मुलांना दाखवायचं, तर शिक्षकालाही आधार लागतो.

एकाच वजाबाकीचे चार चेहरे

गणित पेटीतल्या वस्तू एकाच कामाच्या आहेत, असं वरवर पाहणाऱ्याला वाटतं. काड्या काय किंवा मणी काय, मोजायलाच तर आहेत. प्रत्यक्षात प्रत्येक वस्तू संख्येची वेगळी बाजू दाखवते आणि कोणती कधी काढायची हे ठरवणं हाच शिक्षकाच्या कौशल्याचा भाग आहे.

काड्यांचे गठ्ठे. दहा-दहा काड्यांना रबरबँड लावून गठ्ठे केले, की ४३ म्हणजे चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या. यातून १८ द्यायच्या आहेत. एक गठ्ठा देता येतो. पण आठ सुट्या कुठून आणायच्या? हातात तर तीनच आहेत. इथे बहुतेक मुलं स्वतःहून एका गठ्ठ्याचा रबरबँड काढतात. आता तेरा सुट्या झाल्या, आठ दिल्या, पाच उरल्या. चारपैकी एक गठ्ठा सुटला, एक दिला, दोन राहिले. उत्तर २५. 'दशक सुटा करणे' हा पुस्तकी शब्दप्रयोग मुलाने आत्ताच बोटांनी करून पाहिलेला असतो. उसना घेतलेला एक दहा कसा होतो हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, कारण तो एक म्हणजे दहा काड्यांचा गठ्ठाच होता.

खेळण्यातल्या नोटा. दहाच्या चार नोटा आणि एक रुपयाची तीन नाणी. १८ रुपये द्यायचे आहेत. नोट सोडवता येत नाही. ती वर्गातल्या 'बँके'त नेऊन तिचे सुटे आणावे लागतात. मराठीत 'सुटे' हा शब्द गणिताच्या तासाला आणि किराणा दुकानात एकाच अर्थाने वापरतात, ही शिक्षकांसाठी मोठी सोय आहे. पण नोटा काड्यांपेक्षा एक पायरी अवघड आहेत. गठ्ठ्यात दहा काड्या डोळ्यांना दिसतात, नोटेत दहा रुपये दिसत नाहीत. ते आहेत असं मानावं लागतं. म्हणून नोटा आधी आणि काड्या नंतर, असा क्रम घेतला तर कच्च्या मुलांची गाडी तिथेच अडते.

मण्यांची माळ. शंभर मणी, दहा एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या, असे आलटून-पालटून ओवलेले. काही शाळांत हिला गणितमाळ म्हणतात. इथे वजाबाकी म्हणजे काढून घेणं नसतं, अंतर असतं. १८ व्या मण्यानंतर एक चिमटा लावायचा, ४३ व्या मण्यानंतर दुसरा. मधे किती मणी? १८ पासून २० पर्यंत दोन, २० पासून ४० पर्यंत वीस, पुढे तीन. एकूण २५. हातचा नाही, खोडाखोड नाही. जुने दुकानदार सुटे परत देताना हेच करायचे: अठरा, हे दोन वीस, हे चाळीस, हे घ्या त्रेचाळीस. फळ्यावरची संख्यारेषा ही या माळेचंच चित्र आहे. पण माळ न हाताळलेल्या मुलाला ती नुसती खुणा केलेली रेघ वाटते.

संख्याकार्डं. चार साहित्यांतलं सर्वांत साधं आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित. ४० चं कार्ड रुंद, ३ चं अरुंद. रुंद कार्डावर उजवीकडे अरुंद कार्ड ठेवलं की ४३ दिसतात आणि शून्य तीनाखाली झाकला जातो. तीन उचलला की शून्य पुन्हा दिसतो. ४३ मधल्या चाराची किंमत चार नसून चाळीस आहे, हे वाक्य शिक्षक वर्षभर सांगत राहतो. कार्ड ते अर्ध्या मिनिटात दाखवतं.

चारही साहित्यं चार वेगळ्या दिवशी वापरून झाली, मुलांना मजा आली आणि विषय संपला, असंही होऊ शकतं. फायदा होतो तो ती एकमेकांशी जोडली गेल्यावर. काड्यांचा गठ्ठा सोडताना एक मूल शेजारी कार्डं मांडतंय, दुसरं वहीत गठ्ठ्यासाठी उभी रेघ आणि सुट्यांसाठी टिंब काढतंय, तिसरं फळ्यावर उभी मांडणी लिहितंय, अशी जोडणी. मुलाला शेवटी चिन्हांतच गणित करायचं आहे, आणि चिन्ह व काडी यांच्यामधला हा पूल आपोआप तयार होत नाही.

त्रेचाळीस की चाळीस तीन?

मराठीत शिकणाऱ्या मुलांपुढे याच टप्प्यावर आणखी एक अडथळा आहे, आणि तो भाषेचा आहे. आपण लिहितो ४३, म्हणजे आधी दशक, मग एकक. म्हणतो मात्र 'त्रेचाळीस', म्हणजे आधी तीन, मग चाळीस. ऐकून लिहिणारं मूल ३४ लिहितं, ते यामुळे. त्यात 'एकोण'ची भर: २९ मध्ये तीस कुठेच नाहीत, नाव मात्र 'एकोणतीस'. शिवाय त्र्याहत्तर आणि नव्व्याण्णव यांसारखी जोडाक्षरं आहेतच.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात यावर एक उपाय सुचवला गेला. एकवीसच्या जोडीने 'वीस एक', त्रेचाळीसच्या जोडीने 'चाळीस तीन' असं वाचन दिलं गेलं. तेव्हा गणित समितीच्या प्रमुख गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या. जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही पर्याय दिले आहेत आणि मुलांची गणिताची भीती कमी व्हावी हा हेतू आहे, अशी त्यांची भूमिका होती. तेलुगू, कन्नड आणि तमीळमध्ये आधी दशकच म्हणतात. नॉर्वेने तर १९५१ मध्ये अधिकृतपणे एकक-आधीची पद्धत सोडून दशक-आधीची स्वीकारली होती. महाराष्ट्रात मात्र मोठं वादळ उठलं. मराठीची वाट लागणार इथपासून आडनावांवरच्या विनोदांपर्यंत सगळं झालं आणि विषय विधिमंडळात पोहोचला.

त्या गदारोळात वर्गातला मुद्दा मागे पडला. नवं वाचन एक चूक टाळतं, तशी दुसरी ओढवूनही घेतं. 'चाळीस तीन' ऐकून मूल जसं ऐकलं तसं लिहितं: ४०३. इंग्रजी माध्यमातली लहान मुलंही फोर्टी-थ्रीला हेच करतात. म्हणजे नाव बदललं तरी काम संपत नाही. संख्याकार्डं इथे थेट उपयोगी पडतात, कारण तीन हा शून्याच्या शेजारी नाही तर शून्यावर बसतो, हे त्यांत दिसतं. त्रेचाळीस म्हणणाऱ्या मुलासाठी गठ्ठ्यांचा उपयोग आहे: आधी चार गठ्ठे डावीकडे, मग तीन सुट्या उजवीकडे, आणि मग नाव. हातात साहित्य असलेल्या शिक्षकाला दोन्ही नावं चालतात. वाद पुस्तकातल्या एका पानावर झाला, पण ते पान वर्गात कसं उलगडायचं याबद्दल त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही चर्चा झाली नाही.

पेटी एकटी शिकवत नाही

अमेरिकेतल्या गणितशिक्षणाच्या अभ्यासक डेबोरा बॉल यांनी १९९२ मध्ये अशा साहित्याविषयी एक लेख लिहिला होता. त्याच्या शीर्षकातच 'जादुई आशा' असा शब्दप्रयोग आहे. त्यांचा मुद्दा असा, की मोठ्यांना गठ्ठ्यात दशक दिसतं, कारण दशक त्यांना आधीपासून माहीत असतं. मुलाला फक्त काड्या दिसतात. अर्थ वस्तूत नसतो. ती हाताळताना होणाऱ्या बोलण्यातून तो तयार होतो. आपल्याकडच्या पिटाऱ्याच्या नावातही जादू आहे, हा योगायोग गमतीचा आहे.

साहित्य नुसतं पोहोचवून काय होतं, याची पाहणी केनियात नीट झाली आहे. तिथल्या ग्रामीण शाळांना १९९० च्या दशकात एका संस्थेने मोफत पाठ्यपुस्तकं दिली. पॉल ग्लेवी, मायकेल क्रेमर आणि सिल्व्ही मूलां या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले: सरासरी गुण वाढले नाहीत, फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती आणि बऱ्याच मुलांना ती वाचताच येत नव्हती. नंतर त्याच देशात वाचन आणि गणितासाठी वेगळा प्रयोग झाला. काही शाळांना फक्त शिक्षक प्रशिक्षण मिळालं, काहींना त्यासोबत मुलांची पुस्तकं आणि काहींना या दोहोंबरोबर पाठागणिक मार्गदर्शन करणारी शिक्षक पुस्तिका. तिन्ही मिळालेल्या शाळा सर्वांत पुढे राहिल्या आणि खर्चाच्या मानानेही तोच मार्ग सर्वांत किफायतशीर ठरला.

म्हणजे साऱ्या साहित्यात सर्वांत कमी आकर्षक दिसणारी वस्तू, शिक्षक हस्तपुस्तिका, बहुधा सर्वांत मोलाची आहे. अर्थात ती चांगली असेल तर. चांगली हस्तपुस्तिका 'काड्यांच्या साहाय्याने वजाबाकी शिकवा' एवढं लिहून थांबत नाही. कोणत्या संख्येपासून सुरुवात करायची, ते ती सांगते: आधी ४३ − १२, ज्यात गठ्ठा सोडावा लागत नाही, मग ४३ − १८, आणि ४० − १८ त्याच्याही नंतर, कारण शून्य सुटे असताना मुलं जास्त गोंधळतात. मुलाला काय विचारायचं तेही ती देते: 'तुझ्याकडे सुट्या किती? त्यातून आठ देता येतील का? मग काय करशील?' आणि ३५ हे उत्तर आलं तर ते कुठून आलं, हेही त्यात लिहिलेलं असतं. संभाव्य चुकांची अशी यादी नवख्या शिक्षकाला पाच-सहा वर्षांचा अनुभव उसना देते.

मात्र शिक्षकाच्या तोंडचं प्रत्येक वाक्य छापून देणं हाही उपाय नाही. १३ देशांतल्या १९ प्रकल्पांच्या शिक्षक पुस्तिका तपासणाऱ्या २०१८ च्या एका अभ्यासात, शब्दन् शब्द लिहून दिलेल्या पुस्तिका थोडक्यात मार्ग दाखवणाऱ्या पुस्तिकांपेक्षा कमी परिणामकारक आढळल्या. शिक्षक त्या जशाच्या तशा पाळत नाहीत, त्यात स्वतःची भर घालतात, आणि त्यात गैर काही नाही.

कपाटातली पेटी

शाळेत साहित्य असूनही वर्गात दिसत नाही, याची कारणं बरीच साधी आहेत. पेटी शाळेला मिळाली की तिची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत होते. मणी हरवले, कार्डं फाटली तर उत्तर कोण देणार? सुरक्षित जागा म्हणजे कपाट. शिवाय पेटी एक आणि मुलं तीस. मग शिक्षक पुढे उभा राहून गठ्ठा सोडतो आणि मुलं बघतात. हा अनुभव शिक्षकाचा झाला, मुलांचा नाही.

यावर उपाय महागडा नाही. पाच-पाच मुलांचे सहा गट केले आणि प्रत्येक गटाला ५० काड्या दिल्या, तर ३०० काड्या लागतात. खराट्याच्या काड्या आणि रबरबँड यात ते भागतं. चिंचोके सगळीकडे मिळतात, पण त्यांचा गठ्ठा बांधता येत नाही. दहा-दहा चिंचोके रिकाम्या काडेपेटीत भरून दशक करावं लागतं. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून संख्याकार्डं कापता येतात. हरवलेल्या चिंचोक्याचा हिशेब कोणी मागत नाही, ही त्यातली खरी सोय.

दुसरी अडचण शिक्षकसंख्येची. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत पट असेल तर दोन शिक्षक असतात. म्हणजे वाडी-वस्तीवरच्या कितीतरी शाळांत एक शिक्षक एकाच वेळी दोन-तीन वर्ग सांभाळतो. तिथे साहित्याचं कामच वेगळं असतं. शिक्षक पहिलीच्या मुलांबरोबर गठ्ठे बांधत असताना तिसरीची मुलं स्वतःहून काय करतील, याचं उत्तर कृतिपत्रिका आणि पत्त्यांसारखे खेळ देतात. आराखड्यात गणिताच्या वेळेचे चार भाग सुचवले आहेत: तोंडी गणितगप्पा, कौशल्य शिकवणं, सराव आणि गणिती खेळ. बहुवर्ग शाळेत शेवटचे दोन भाग मुलांवर सोपवता आले, तरच शिक्षकाला दुसऱ्या वर्गासाठी वीस मिनिटं मिळतात. मूल आपलं उत्तर आपणच तपासू शकेल अशी कृतिपत्रिका, म्हणजे मागच्या बाजूला उत्तर किंवा जुळणारं चित्र असलेली, इथे दुप्पट उपयोगी.

क्यूआर कोडची कथा थोडक्यात सांगता येईल. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' व्यासपीठामुळे पुस्तकातल्या पाठाची चित्रफीत फोनवर उघडते. शिक्षकाने आदल्या संध्याकाळी पाहिली तर ती चांगली. पडद्यावरची काडी मुलाच्या हातात येत नाही, एवढी तिची मर्यादा.

वापरणाऱ्याचा विचार न करता साहित्य आखलं की काय होतं, याचं ताजं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून २०२३-२४ मध्ये पाठ्यपुस्तकांचे भाग करून त्यांत वहीची कोरी पानं घातली गेली. मुलं पुस्तकासोबत वह्याही आणत राहिली आणि २०२५-२६ पासून ती पानं बंद करण्यात आली. गणितात तर हे आधीच ओळखता आलं असतं. एका वजाबाकीला किती जागा लागेल हे मूल चित्र काढून करतंय की चिन्हांनी, यावर अवलंबून असतं.

साहित्य पाठवल्यानंतर केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्यावर तासभर काम झालं, तर चित्र बदलू शकतं. काम म्हणजे भाषण नव्हे. शिक्षकांनीच गटात बसून गठ्ठा सोडायचा, माळेवर चिमटे लावायचे आणि आपल्या वर्गातल्या मुलांच्या वह्या मधे ठेवून ३५ कुठून आले ते शोधायचं.

साहित्य बाजूला कधी ठेवायचं?

पालकांची एक रास्त शंका असते: मूल कायम काड्याच मोजत बसलं तर? परीक्षेला काड्या कुठे असतात? साहित्य ही काठी आहे, ती कधीतरी सुटली पाहिजे, याबद्दल अभ्यासकांचंही दुमत नाही. इंग्लंडमधल्या एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशनच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेतही साहित्य हेतूपूर्वक वापरावं आणि टप्प्याटप्प्याने काढून घ्यावं असंच म्हटलं आहे.

कधी काढायचं याच्या खुणा वर्गात दिसतात. मूल ४३ − १८ साठी काड्यांकडे हात न नेता 'एक गठ्ठा सोडावा लागेल' असं आधीच म्हणतं. किंवा काड्या मोजताना तिसऱ्या उदाहरणापासून कंटाळतं आणि वहीत रेघा-टिंबं काढू लागतं. मग शिक्षक काड्या झाकून ठेवतो आणि विचारतो, 'आत किती गठ्ठे उरले असतील?' मूल सांगतं, मग झाकण काढून बघतं. पुढे रेघा-टिंबंही सुटतात आणि उभी मांडणी उरते. उलट जे मूल अजून गठ्ठ्यातल्या दहा काड्या प्रत्येक वेळी एक-एक करून मोजतं, त्याच्यासाठी दहा हा अजून 'एक गठ्ठा' झालेलाच नाही. त्याला उभी मांडणी दिली की ते पुन्हा ३५ वर येतं.

काही मुलं हा प्रवास दोन आठवड्यांत करतात, काहींना पुरती सहामाही लागते. दोन्ही प्रकारची मुलं एकाच वर्गात शेजारी-शेजारी बसलेली असतात. त्यामुळे काड्यांचा डबा कपाटात न ठेवता वर्षभर मुलांचा हात पोहोचेल अशा खालच्या फळीवर उघडा ठेवावा लागतो आणि ज्याला हवा त्याने तो न विचारता घ्यायचा, अशी मुभा द्यावी लागते.